बटणांचा फोन सोडू की ठेवू?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांच्या इच्छेनुसार नाव-गाव देत नाही. वय पन्नाशीपुढचं. यजमान वारल्यापासून चार एकर कोरडवाहू शेती त्या एकट्या पाहतात. कापूस आणि तूर घेतात, हंगामात दुसऱ्याच्या वावरातही वेचणीला जातात. गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष आहेत. 2018 मध्ये मजुरीच्या पैशातून अनामत भरून त्यांनी जिओफोन घेतला. ‘तवा घरात कोणाले विचारलं नव्हतं,’ असं त्या लिहितात. फोनवर त्या व्हॉट्सअ‍ॅप शिकल्या, बटणं दाबून मराठी लिहायला शिकल्या, सासूबाईंच्या ओव्या त्यात रेकॉर्ड करून ठेवल्या. 2025 च्या सुरुवातीला त्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं. गटाचे निरोप आता दुसऱ्या बाईकडून कळतात. कापसाच्या हमीभावासाठी नोंदणी शेजारच्या मुलानं करून दिली, पण मोबाईल नंबर स्वतःचा टाकला. खरेदी केंद्राची तारीख त्याच्या फोनवर आली आणि ताईंना उशिरा कळली. कापूस व्यापाऱ्याला द्यावा लागला. पुण्याला कामाला असलेल्या मुलानं दिवाळीत नवं सिम टाकून एक स्मार्टफोन आणून दिलाय. तो डब्यासकट कपाटात आहे. ताई लिहितात, ‘लोकं म्हणतात, डबडं फेकून दे. पण या डबड्यानंच मले पहिल्यांदा जगाशी बोलाले शिकवलं. आता त्याले वाऱ्यावर सोडू का? अन् नवीन फोनमंधून पैसे गेले तर कोणाले विचारू?’

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, पण मी तिथेच थांबले. फोन घेताना घरात कोणाला विचारलं नव्हतं. वेचणीची मजुरी किलोमागे मिळते, कंबर मोडून वेचावं तेव्हा चार पैसे गाठीला लागतात. त्यातले 1500 रुपये तुम्ही अनामत म्हणून भरलेत. कशासाठी? मला वाटतं, निरोपासाठी दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसावं लागू नये, मुलाशी बोलायला कोणाचा फोन मागावा लागू नये, एवढ्यासाठी. म्हणजे तुम्ही घेतलात तो नुसता फोन नव्हता. आपलं काम आपण करायचं, असं ठरवलं होतंत आणि ते तडीस नेलंत.

आता गेल्या हंगामाकडे बघा. नोंदणी दुसऱ्यानं केली, नंबर दुसऱ्याचा गेला, तारीख दुसऱ्याला कळली. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता, मध्यम धाग्याचा 7710. तुम्ही काय भावानं दिलात ते लिहिलं नाहीत, पण ‘द्यावा लागला’ या दोन शब्दांत ते आलंच. ज्या फोननं तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्यातून सोडवलं होतं, त्याच फोनपायी आज पुन्हा तिथे जाऊन उभं राहावं लागतंय. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर बरंचसं इथेच आहे. पण तुम्ही विचारलंत ते इमानाबद्दल, आणि त्याला असं एका दमात उडवून लावणं मला बरं वाटत नाही.

तुमच्या फोनच्या आत जी प्रणाली चालते तिचं नाव कायओएस. तिचं मूळ मोझिला या संस्थेच्या फायरफॉक्स ओएसमध्ये आहे. गरिबाला परवडेल असा स्मार्टफोन द्यायचा, ही त्यामागची कल्पना. 2014 मध्ये त्या प्रणालीचा इंटेक्सचा एक फोन आपल्याकडे 1999 रुपयांना आला होता. तो फारसा चालला नाही, आणि 2015 च्या डिसेंबरात मोझिलानं स्मार्टफोनचा नाद सोडला. त्या सोडलेल्या कामावर दुसऱ्या लोकांनी बटणांच्या फोनसाठी कायओएस उभं केलं, 2017 मध्ये ते जिओफोनमध्ये आलं आणि खेड्यापाड्यात पोचलं. 2018 मध्ये गुगलनं त्यात 2 कोटी 20 लाख डॉलर घातले, त्याच वर्षी सप्टेंबरात व्हॉट्सअ‍ॅप आलं. तुम्ही फोन घेतलात तो या प्रणालीचा बहराचा काळ होता. तुमची निवड चुकली नव्हती, हे आधी मनात पक्कं करा.

मग उतरण लागली. 2021 च्या दिवाळीत जिओ कंपनीनं स्वतःच गुगलबरोबर अँड्रॉइडवर चालणारा जिओफोन नेक्स्ट काढला. 2024 च्या जूनमध्ये कायओएसवर व्हॉट्सअ‍ॅप नव्यानं घेणं बंद झालं आणि 2025 उजाडल्यावर ज्यांच्याकडे होतं त्यांचंही गेलं. यात तुमच्या फोनचा काही दोष नाही. कुठलंही अ‍ॅप प्रत्येक प्रणालीसाठी वेगळं बनवावं लागतं, वेगळं सांभाळावं लागतं. वापरणारे कमी झाले की बनवणाऱ्याला तो खर्च जड होतो, तो पाय काढून घेतो. एक गेला की आणखी लोक फोन बदलतात, की दुसरा जातो. नोकियाच्या सिम्बियनचं असंच झालं. ब्लॅकबेरीचं झालं. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप 2019 च्या 31 डिसेंबरला बंद झालं. त्या फोनवर जीव असलेली माणसं शहरांतही पुष्कळ होती, आणि फोन धडधाकट असताना त्यांना तो ठेवून द्यावा लागला. फोन मजबूत असणं आणि त्यातली प्रणाली जिवंत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या हातातली बटणं अजून पाच वर्षं चालतील, पण त्यातली माणसांची ये-जा थांबली आहे.

म्हणून ‘वाऱ्यावर सोडू का’ या प्रश्नात मला थोडी गफलत दिसते. सोडून जाणारे तुम्ही नाहीत. ज्यांनी ती प्रणाली चालवायची ते एकेक करून आधीच उठून गेले. मागे राहिलात त्या तुम्ही. वावरात बीटी कापूस आल्यावर जुन्या वाणाचं बी तुम्ही ठेवून दिलंत, तेव्हा त्याच्याशी दगाफटका केला असं मनात आलं होतं का? जुन्या वाणानं घर चालवलं ही जाण राहिली, आणि पेरताना त्या वर्षी काय पिकेल ते पाहिलंत. फोनच्या बाबतीत एवढीच मोकळीक स्वतःला द्या. कृतज्ञता ठेवायला तो रोज वापरावाच लागतो असं नाही.

इमान ठेवायचंच तर ते कोणाशी, हेही जरा तपासून बघा. तुम्ही गटाच्या अध्यक्ष आहात. गटाच्या बायका तुमच्या शब्दावर बँकेचं कर्ज घेतात, तुमच्या शब्दावर हप्ता भरतात. बचत गटांच्या सरकारी ‘उमेद’ अभियानाच्या नोंदी आता ‘लोकॉस’ नावाच्या अ‍ॅपवर होतात, बैठकीचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. अध्यक्षालाच निरोप दुसरीकडून कळायला लागला, की हळूहळू निर्णयही दुसरीकडे व्हायला लागतात. यात कोणाच्या मनात काही काळंबेरं असतं असं नाही. ज्याच्या हातात निरोप, त्याच्या हातात कारभार, हे आपोआप होत जातं. मला तुमच्या पत्रातली खरी काळजी इथे वाटली. कापसाचं एका हंगामाचं नुकसान पुढच्या हंगामात भरून निघेल. गटात एकदा मागे सरकलेली खुर्ची पुढे ओढायला फार वेळ लागतो.

आता जुन्या फोनच्या बाजूनंही बोलते, कारण त्याचे गुण खरे आहेत. चार्जिंग टिकतं, लाइन दिवसभर गेली तरी फोन बंद पडत नाही. हातातून पडला तर फुटत नाही. न पाहता नंबर लागतो. टॉर्च आहे, रेडिओ आहे. आणि तो तुमचा वेळ खात नाही. ‘नवीन फोन आला की पोट्टे त्यातच तोंड घालून बसतात,’ असं तुम्ही लिहिलंय, ते बरोबरच आहे. पण ही सवय फोनच्या डब्यातून येत नाही. तुम्ही आठ वर्षं फोन कामापुरता वापरलात, ती तुमची शिस्त आहे आणि ती तुमच्याबरोबर नव्या फोनमध्येही येईल. नको ती अ‍ॅपं पहिल्याच दिवशी काढून टाकायला लावा, सूचनांचे आवाज बंद करायला लावा. फक्त फोन, मेसेज, व्हॉट्सअ‍ॅप, कॅमेरा आणि शेतीची दोन-तीन अ‍ॅपं एवढंच समोर दिसू द्या.

‘मले जमणार नाही,’ हे वाक्यही पत्रात दोन ठिकाणी आहे. ताई, तुम्ही बारा बटणांवर मराठी लिहायला शिकलात. एका अक्षरासाठी एकच बटण तीन-चार वेळा दाबायचं, मग काना, मग मात्रा, जोडाक्षर आलं की त्याची वेगळी कसरत. मराठी लिहिण्याची याहून अवघड रीत मला ठाऊक नाही. स्मार्टफोनवर अक्षरं समोर मांडलेली असतात. तेही नको असेल तर कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोला, फोन स्वतः लिहून घेतो. वऱ्हाडी बोलाल तर काही शब्द चुकवेल, ते दुरुस्त करावे लागतील. किंवा सरळ आवाजाचा निरोप पाठवा. गटात तेही चालतं.

एक अडचण मात्र खरी येईल आणि ती कोणी तुम्हाला आधी सांगणार नाही. वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटांची शेवटं फाटतात, कातडी जाड आणि कोरडी होते. टचस्क्रीनला बोटातला हलकासा विद्युतभार जाणवावा लागतो आणि कोरड्या, भेगाळलेल्या बोटाचा तो नीट जाणवत नाही. तुम्ही दाबाल आणि काहीच होणार नाही. मग वाटतं, आपल्यालाच येत नाही. तसं समजू नका. बोट ओल्या फडक्यावर टेकवून पुसून घ्या, बोटाच्या टोकाऐवजी थोडा मऊ भाग टेकवा, करंगळी वापरून बघा. काही फोनमध्ये ‘टच सेन्सिटिव्हिटी’ वाढवायची सोय सेटिंगमध्ये असते, ती मुलाकडून शोधून घ्या. स्क्रीनवर जाड काच चिकटवली असेल तर ती बदलून पातळ लावा. आणि अक्षरं मोठी करून घ्या; चाळिशीचा चष्मा घरी विसरला तरी वाचता येईल इतकी मोठी.

आता पैशाची भीती. तुमची भीती बिनबुडाची नाही, ती घालवून टाका असं मी म्हणणार नाही. पीएम किसानचा हप्ता, गाडीचं चलान, लग्नपत्रिका अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फाइली फिरतात. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. ती उघडून फोनमध्ये घेतली की आतला कार्यक्रम तुमचे मेसेज वाचू लागतो, त्यात बँकेचे ओटीपी असतात, आणि तुम्ही कोणाला काही न सांगता खातं रिकामं होतं. हे होऊ नये म्हणून एकच नियम मोडू नका: अ‍ॅप घ्यायचं ते प्ले स्टोअरमधूनच, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलीतून कधीच नाही, मग ती सख्ख्या भावानं पाठवलेली का असेना. अनेकदा भावाचाच फोन आधी भामट्यांच्या ताब्यात गेलेला असतो. तरीही काही झालंच तर ‘कोणाले विचारू’ याचं उत्तर 1930 हा नंबर आहे. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीची ती राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पहिल्या तासा-दोन तासांत फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता बरीच असते. मुलाला फोन नंतर करा, 1930 ला आधी.

जुना फोन मात्र यातून सुरक्षित आहे, हा समजही पूर्ण खरा नाही. ज्या प्रणालीकडे बनवणाऱ्याचं लक्ष राहत नाही, तिच्यातली भोकं बुजवणारंही कोणी राहत नाही. तिचा ब्राउझर जुना होतो, नवी सरकारी संकेतस्थळं धड उघडत नाहीत. मग माणूस कार्ड आणि आधार घेऊन दुकानात जातो, अंगठा देतो, ओटीपी तोंडानं सांगतो. फसवणूक फोनमधून होते, तशी अशा भरवशावरही होते. शेजारच्या मुलानं मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, तुम्हीही तसं लिहिलेलं नाही. पण दुसऱ्याच्या फोनवर आपलं काम ठेवण्यातला धोका तुम्हीच भोगलाय.

तुमच्याकडे आज दोन फोन आणि दोन नंबर आहेत, आणि हीच तुमची सोय आहे. जुना किंवा नवा, अशी एकदम निवड करायची गरज नाही. बँक, आधार, पीएम किसान, सगळं जुन्या नंबरला जोडलेलं असणार. तो नंबर काही महिने बटणांच्या फोनमध्येच राहू द्या. ओटीपी तिथे येईल, तुम्ही तो वाचून नव्या फोनवर भराल. नव्या फोनमध्ये चुकून काही वाईट शिरलं तरी मेसेज वाचून बँकेचा ओटीपी त्याला परस्पर काढता येणार नाही. शिकण्याच्या काळात हा मोठाच आडोसा आहे. व्हॉट्सअ‍ॅप मात्र नव्या सिमच्या नंबरावर सुरू करा आणि गटात तो नंबर द्या. जुन्या नंबरावर नव्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप चालवायची युक्ती कोणी सांगेल, पण ज्या सिमवर खातं आहे ते सिम त्याच फोनमध्ये असलं पाहिजे, असा आदेश दूरसंचार विभागानं 2025 च्या नोव्हेंबरात काढलाय. त्या भानगडीत पडू नका.

दोन रिचार्ज कायमचे परवडणार नाहीत, हे मलाही दिसतंय. म्हणून ही सोय तात्पुरती समजा. पुढे हात बसला की जुन्या नंबरचं सिम स्मार्टफोनच्या दुसऱ्या खाचेत घाला. त्याआधी दुकानात विचारून घ्या, कारण जिओफोनसाठीचे स्वस्त रिचार्ज त्याच फोनमध्ये चालतात; सिम दुसरीकडे घातलं की वेगळा रिचार्ज लागतो. आणि एक चूक काही झालं तरी करू नका: ‘नवा नंबर आलाय, जुना राहू दे’ म्हणून जुन्या नंबरचं रिचार्ज सोडून देऊ नका. नव्वद दिवस वापर नसला की नंबर बंद होऊ शकतो, आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला मिळतो. मग तुमच्या बँकेचे मेसेज परक्या माणसाला जाणार. आधारचा नंबर बदलायचा तर बहुतेकदा केंद्रावर जाऊन अंगठा देऊन रांगेत उभं राहावं लागतं, 75 रुपये लागतात, आणि तो बदलल्यावर बाकीच्या सगळ्या ठिकाणच्या खेपा वेगळ्याच. नंबर ही तुमची ओळख आहे. फोन बदला, नंबर जपा.

सुरुवात कधी करायची? वेचणी जोरात असताना मुळीच नको. दमून आल्यावर नवं शिकताना चीड येते आणि फोन पुन्हा कपाटात जातो. फरदड, म्हणजे लांबवलेलं कापसाचं पीक, उपटून झाली, तूर घरात आली, की उन्हाळ्यात दुपारचा वेळ मिळतो. तेव्हा आधी फोटो काढणं आणि आवाजाचे निरोप, एवढंच करा. मृगाच्या आधी पुण्याच्या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप घ्या; वीस ते चाळीस किलोमीटरच्या टापूत विजा पडत असल्या तर ते इशारा देतं. दुपारी आभाळ भरून येतं तेव्हा बायका निंदणीला वावराच्या मध्ये असतात, आणि आडोसा म्हणून झाडाखालीच धावतात. एका फोनवर आलेला इशारा सगळ्या ओळीला घराकडे वळवू शकतो. माझ्या मते स्मार्टफोन घ्यायला एवढं एक कारणही पुरेसं आहे.

मग खरीप पेरल्यावर ई-पीक पाहणी, म्हणजे आपल्या पिकाची अ‍ॅपवर नोंद. राज्यात 2021 पासून ती शेतकऱ्यानं स्वतः करायची आहे, आणि फोटो वावरात उभं राहूनच काढावा लागतो. सातबाऱ्यावर कापूस चढला नाही तर हमीभावाच्या नोंदणीत अडतं. ही पाहणी पहिल्या वर्षी कोणाला तरी सोबत घेऊन करा, पण फोन तुमच्या हातात राहू द्या. त्यानंतर ‘कपास किसान’. 2025 मध्ये सीसीआयनं, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळानं, हे अ‍ॅप आणलं आणि नोंदणी 1 सप्टेंबरला सुरू झाली. पुढच्या वर्षीच्या तारखा वेगळ्या असू शकतात, म्हणून पोळा झाला की विचारपूस सुरू करा. नोंदणी कोणीही करून दिली तरी चालेल, मोबाईल नंबरच्या रकान्यात तुमचा नंबर पडतोय का, एवढं स्वतः बघा. कापूस नेण्याचा दिवसही अ‍ॅपवरच ठरवावा लागतो; ते वेचणी चालू असताना येतं, म्हणून तोवर हात बसलेला बरा.

पैशाचे व्यवहार सगळ्यात शेवटी. घाई नको. जेव्हा कराल तेव्हा ज्या खात्यात कापसाचे पैसे येतात ते त्याला जोडू नका. वेगळं लहान खातं काढा, किराण्यापुरती रक्कम त्यात ठेवा.

जुन्या फोनमधलं एक काम मात्र उन्हाळ्याची वाट न पाहता याच आठवड्यात करा. सासूबाईंच्या ओव्या. व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं तेव्हा निदान बातमी आली होती. फोनची आतली साठवण बिघडते तेव्हा बातमी येत नाही, एक दिवस फोन सुरूच होत नाही. साधं मेमरी कार्ड आणा, फोनमध्ये घाला, रेकॉर्डिंगच्या फाइली त्यावर घ्या. मग ब्लूटूथनं त्याच नव्या फोनमध्ये पाठवा आणि तिथून मुलाला. तीन ठिकाणी राहू द्या. प्रत्येक फाइलीला ओवीच्या पहिल्या चरणाचं नाव द्या, नाहीतर पुढच्या पिढीला नुसते आकडे दिसतील. नंबरांची यादीही अशीच काढता येते: संपर्काच्या सेटिंगमध्ये ‘एक्सपोर्ट’ म्हणून असतं, तिथून मेमरी कार्डावर. हे झाल्यावर फोनचं मागचं झाकण काढून बॅटरी बघा. फुगलेली दिसली तर ती चार्जिंगला लावणं त्याच दिवशी बंद करा.

हे पत्र वाचणाऱ्या आणखी काही जणांसाठी. ज्यांचा फोन फक्त बोलण्यापुरता आहे, ज्यांची कागदपत्रं घरातलं विश्वासाचं माणूस बघतं, त्यांनी लोक हसतात म्हणून बटणांचा फोन टाकायचं काहीच कारण नाही. शेतीचा सल्ला किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या नंबरवर साध्या फोनवरूनही मिळतो. पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये साध्या फोनसाठी ‘यूपीआय 123पे’ सुरू केलंय, त्याला इंटरनेट लागत नाही. पण फोन न बदलल्यामुळे वर्षातून किती कामांसाठी तिसऱ्या माणसाकडे जावं लागतं, ते एकदा बोटांवर मोजा. बोटं पुरली तर राहू द्या. पुरली नाहीत तर विचार करा. आणि ज्यांच्याकडे जुना अँड्रॉइड आहे त्यांनी आपण सुटलो असं मानू नये. सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ असं लिहिलेलं असतं, तिथे अँड्रॉइडचा आकडा आणि सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. आकडा 5 पेक्षा कमी असेल तर व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. तारीख दोन-तीन वर्षं मागची असेल तर त्या फोनवर बँकेचं काम करू नये. ताई, तुमच्या मुलानं आणलेल्या फोनचंही हे बघून घ्या. दुकानदार जुना साठाही नवा म्हणून देतात.

तुमच्या मुलानं, आणि गावाकडच्या आयांना फोन घेऊन देणाऱ्या सगळ्याच मुला-मुलींनी, एवढं करावं असं मला वाटतं. फोन न विचारता आणून दिला ते मायेपोटी, पण शिकवताना तो आईच्या हातातून ओढून घेऊ नका. ‘दे इकडे, मी करतो’ असं म्हटलं की काम होतं आणि शिकणं राहतं. तिच्या बोटानं होऊ द्या, चुकलं तर मागे जायचं बटण तेवढं दाखवा. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर शिकवू नका, तिचा फोन तेव्हा कॉलमध्येच अडकलेला असतो. गावी याल तेव्हा एकेक काम दोन-तीनदा करवून घ्या, आणि ते कोणत्या पायऱ्यांनी होतं हे तिच्याच अक्षरात वहीत लिहून घ्यायला सांगा.

आणि ताई, गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते घेऊन झाले की अजून कोणाकोणाचं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलंय ते विचारा. तुम्ही एकट्याच असाल असं मला वाटत नाही. त्यांना बरोबर घेऊन शिका. नोंदणी, पीक पाहणी, केवायसी ही कामं तारखेवर येतात, तेव्हा चौघींमध्ये एकीला जमलं तरी चौघींचं होतं, आणि प्रत्येकीच्या नावापुढे तिचाच नंबर पडतो.